दुखतंय म्हणाल्या, तर दुखतंय

पत्र :

मॅडम, मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. २४ डिसेंबरला, भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढणाऱ्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या जन्मदिवशी, डेंटिस्ट डे असतो. त्या निमित्ताने आमच्या कॉलेजात सगळ्यांना एकेक चिठ्ठी देऊन 'चांगला डेंटिस्ट कोण?' एवढंच लिहायला सांगितलं. चिठ्ठ्या वाचून त्यांचा चार्ट करायचं काम माझ्याकडे आलं. हात हलका पाहिजे, स्पीड पाहिजे, पेशंटला दुखू न देणारा, कॉन्फिडन्स असलेला, गोड बोलणारा, नवीन टेक्निक माहीत असलेला. चार्ट छान झाला, नोटीस बोर्डावर लागला.

त्याच आठवड्यात सर्जरीच्या पोस्टिंगला मला एक आजी मिळाल्या. खालची उजवी दाढ काढायची होती. मी ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं भुलीचं इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला का विचारलं, त्या हो म्हणाल्या. दाढ सैल करायचं हत्यार, एलिव्हेटर, लावल्याबरोबर ओरडल्या. पुन्हा ब्लॉक दिला, पुन्हा तेच. माझा हात इतका थरथरायला लागला की सरांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. तेवढ्यात आजीच उठल्या. 'राहू दे बाळा, नंतर येते' म्हणाल्या आणि गेल्या. परीक्षेआधी ठरलेल्या दाढा काढाव्या लागतात, तो कोटा राहिला ते राहू दे. पण मी स्वतः केलेल्या चार्टमधलं एकही माझ्यात नाही. पहिल्या वर्षी वॅक्स कार्व्हिंगलाही, म्हणजे मेणात दात कोरायलाही, मी काठावर पास झाले होते. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलंय. मी या लाइनमध्ये चुकून आले का?

— एक विद्यार्थिनी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझा जीव त्या आजींच्या दाढेत अडकला. ती अजून त्यांच्या तोंडातच आहे. तिच्याकडे शेवटी येते, कारण त्याबाबतीत तुला या आठवड्यातच काहीतरी करायचं आहे.

आधी तुझा ब्लॉक. खालच्या जबड्याचं हाड जाड असतं, म्हणून वरच्या दातासारखं मुळाशी औषध सोडून भागत नाही. नस हाडात शिरते तिथे, जबड्याच्या आतल्या बाजूला, अंदाजाने पोहोचावं लागतं, आणि ते भोक प्रत्येकाचं एकाच उंचीवर नसतं. आपली पाठ्यपुस्तकंच सांगतात की हा ब्लॉक शंभरातल्या १५ ते २० वेळा नीट बसत नाही. त्यात वर्षानुवर्षं हात बसलेली माणसंही आली. ठणकणाऱ्या दाढेची नस तर आधीच चवताळलेली असते, तिला नेहमीचं औषध पुरत नाही. शिवाय ओठ जड होतो तो एका नसेमुळे. गालाकडच्या हिरडीची नस वेगळी, तिला लाँग बकल नावाचं इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं. ते राहिलं असेल तर ओठ पूर्ण बधिर असतो आणि एलिव्हेटर हिरडीला टेकला की माणूस खुर्चीतून उडतो. तू लाँग बकल दिलं होतंस का, हे पत्रात नाही. आठवून बघ. दिलं नसशील तर ती एक साधी, शिकता येणारी चूक आहे. दिलं असशील तर तुझा ब्लॉक त्या १५-२० मध्ये गेला. दोन्हीपैकी कशावरूनही 'मी या लाइनची नाही' असं ठरत नाही.

आता आजींचं ते 'हो'.

ओठ जड झाला का, मुंग्या आल्या का, असं आपण विचारतो आणि समोरचा माणूस हो म्हणतो. खेड्यातून आलेली म्हातारी माणसं तर हमखास हो म्हणतात. पांढऱ्या कोटातली मुलगी विचारतेय, मागे रांग लागलीय, सर येरझाऱ्या घालतायत, तिला नाही कसं म्हणायचं? ते 'हो' तुझ्यासाठी असतं, ओठाबद्दल नसतं. म्हणून मी तो प्रश्न विचारून पुढे जात नाही. तीन ते पाच मिनिटं खरोखर थांबते, घड्याळ बघून. मग प्रोब, म्हणजे तपासायची बारीक टोकाची सळई घेते, आधी चांगल्या बाजूच्या हिरडीला हलकं टोचते, नंतर काढायच्या बाजूला, दाढेच्या गालाकडून आणि जिभेकडूनही. 'दोन्हीकडे सारखंच लागतंय का वेगळं?' याला नुसतं हो म्हणून सुटता येत नाही, माणसाला खरंच लक्ष देऊन सांगावं लागतं. आणि टोचताना पायांकडे बघते. तोंडाने 'काही नाही दुखत' चाललेलं असतं आणि पायाची बोटं आवळलेली असतात. बोटं आवळलेली दिसली की मी पुढे जात नाही, तोंडाने काहीही म्हणोत.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी इंटर्न होते तेव्हा आमचं पोस्टिंग आठवड्यातून एकदा एका खेड्यातल्या केंद्रावर असायचं. तिथे एक शेतमजूर आला, चाळिशीचा, वरची दाढ किडून फुटलेली. मी भूल दिली, दाढ धरली. तो 'दुखतंय बाई' म्हणाला. मी म्हणाले, 'दुखत नाहीये, नुसतं दाबल्यासारखं वाटतंय.' हे वाक्य आपल्याला सगळ्यांना पाठ असतं. खूपदा ते खरंही असतं, कारण दाब भुलीतही कळतो. पण त्या दिवशी ते खरं नव्हतं आणि ते मला त्याच्या हातांवरून दिसत होतं. त्याने खुर्चीचे दोन्ही हात असे धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दाढ हलायला लागली होती. आता थांबले तर पुन्हा भूल, पुन्हा वेळ, बाहेर माणसं खोळंबलेली. मी थांबले नाही. दाढ अखंड आली, मुळं एकही न मोडता. आमच्या सीनियरने पाठ थोपटली. त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं होतं. उठून त्याने मला नमस्कार केला आणि 'झालं का बाई' एवढं विचारून तो गेला.

काही महिन्यांनी त्याची बायको आली. खालची दाढ बरेच दिवस दुखत होती. ती आली तेव्हा सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरली होती, जीभ वर उचलली गेली होती, बोलणं घोगरं, थुंकी गिळता येत नव्हती. अशी सूज श्वास अडवू शकते हे तुला मी सांगायला नको. तिला तशीच जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, ॲडमिट केलं, चिरा देऊन पू काढला. वाचली. एवढे दिवस का थांबलात, असं मी तिच्या नवऱ्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, 'मीच नको म्हणलो. म्हणलं, लई हाल करत्यात.'

त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. माझ्या दृष्टीने उत्तम झालेल्या एका एक्स्ट्रॅक्शनने एक बाई मरणाच्या दारात गेली होती. त्या दिवसापासून माझ्यापुरता एक नियम आहे: पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय. वाद नाही, समजूत घालणं नाही, 'झालंच, झालंच' नाही. हत्यार बाहेर काढायचं आणि कुठे दुखतंय ते शोधायचं.

आता तुझ्या चार्टवर हे ताडून बघ. 'दुखू न देणारा' असं तुझ्या वर्गमित्रांनी लिहिलं, आणि त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण दुखू न देणं पूर्णपणे आपल्या हातात नाही, ते वर ब्लॉकच्या हिशेबातच दिसलं. दुखलेलं खरं मानणं मात्र पहिल्या दिवसापासून हातात असतं. त्याला ना स्पीड लागतो, ना कॉन्फिडन्स. तुझ्या आजी उठून गेल्या, कारण तू त्यांना जबरदस्तीने धरून ठेवलं नाहीस. त्या ओरडल्यावर तुझा हात थरथरला, कारण त्यांचं ओरडणं तुझ्यापर्यंत पोहोचलं. माझा हात त्या मजुराच्या वेळी जराही थरथरला नव्हता.

'हात हलका' या शब्दाबद्दलही थोडं बोलते, कारण पेशंटही तोच वापरतात. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी गेली पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतेय, तिथे माझ्या आधीपासून एक डॉक्टर होते. पंचक्रोशीत ख्याती, 'डॉक्टरांचा हात लई हलका.' सुरुवातीला मी त्यांच्याकडे महिनाभर जाऊन बसले होते. त्यांची बोटं पैलवानाची, कामाला सावकाश. मग हलकं काय होतं? खालची दाढ काढताना ते डावा तळवा पेशंटच्या जबड्याखाली असा धरायचे की सगळा जोर त्यांच्या स्वतःच्या हातावर यायचा, कानापाशी सांध्याला ओढ बसायची नाही. हे तुमच्या पुस्तकातही आहे, पण परीक्षेनंतर किती जण करतात? दुसरं म्हणजे ते प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायचे, हळू आवाजात: आता गार लागेल, आता कडक आवाज येईल, हाडाचा असतो, घाबरू नका. आणि माणूस दचकला की थांबायचे. पेशंट घरी जाऊन त्या सगळ्याला मिळून 'हलका हात' म्हणायचे.

तुझ्या वर्गातल्या मुलांना हे कळत नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी त्यांना विचारलं असतं तर कदाचित चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेंटल विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पेशंटबद्दलची आपुलकी पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसली, आणि प्रत्यक्ष पेशंट हाताळायला लागायच्या सुमाराला ती उतरलेली. वाचून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आपल्याकडे कोटा असतो. इतकी एक्स्ट्रॅक्शन्स, इतकी फिलिंग्ज, इतक्या कवळ्या, प्रत्येकावर स्टाफची सही. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मग क्लिनिकच्या दारात मुलं एकमेकांना विचारतात, 'माझी सीडी आली का?' 'तुझा मोलर गेला का?' सीडी म्हणजे कवळी बसवायला आलेले आजोबा, आणि मोलर म्हणजे तुझ्या आजी. काही मुलं तर स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं देऊन पेशंट आणतात, हे मला माहीत आहे, मीही आणलेत. त्या धावपळीत ज्याच्या दाढा झटपट निघतात तोच चांगला, हे डोक्यात पक्कं बसतं. मी याचा दोष मुलांना देत नाही. पण शिकवणाऱ्यांनी सहीच्या रकान्याशेजारी एक रकाना करावा असं मला मनापासून वाटतं: पेशंट पुन्हा आला का? तुझ्या पत्रात 'कोटा राहिला ते राहू दे' असं एक अर्धं वाक्य आहे. ते लिहिणारी मुलगी मला माझ्या दवाखान्यात चालेल.

थरथरणाऱ्या हाताचं मात्र खरंच बघायला हवं, त्याला नुसत्या धीराच्या शब्दांनी भागणार नाही. कार्व्हिंगचे मार्क विसर. मेणाच्या ठोकळ्यावर पहिल्या वर्षी हात बसला नाही म्हणून पुढे अडलेलं मी कुणी पाहिलं नाही. थरथर बहुतेक वेळा हात अधांतरी असतो म्हणून वाढते. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवल्याशिवाय कुठलंही हत्यार तोंडात फिरवायचं नाही. फिंगर रेस्ट म्हणून शिकवतात तेच, पण पेशंट हलला की पहिलं तेच सुटतं. खुर्चीची उंचीही बघ. खालच्या दाढेला पेशंटचं तोंड तुझ्या कोपराच्या खाली हवं. घाईत मुलं आधीच्या पेशंटची उंची तशीच ठेवतात, मग खांदा उचलून काम करतात आणि पाच मिनिटांत दंड भरून येतो. पोस्टिंगच्या दिवशी नुसत्या चहावर जाऊ नकोस. आणि काढलेले दात प्लास्टरमध्ये बसवून संध्याकाळी लॅबमध्ये एलिव्हेटर कुठे टेकवायचा, किती वळवायचा, याचा सराव कर. याला सहा महिने लागतील. लागू देत.

थरथर पेशंटचीही असते. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली म्हातारी माणसं 'दाढ काढायचीय' म्हणून उपाशी येतात, शुगरची गोळी मात्र घेतलेली असते. आजींनी काही खाल्लं होतं का? बीपी बघितलं होतंस? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलंस? हे केसपेपरवर छापलेलं असतं, आणि घाईत त्या रकान्यांत सरळ रेघ ओढली जाते.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या एकाही चिठ्ठीत नव्हती. दात बघता बघता आपण अख्खं तोंड बघतो का? आपल्या भागात बायका मिश्री लावतात, पुरुषांच्या गालात तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत तोंड दोन बोटांपलीकडे न उघडणारी विशीतली पोरं येतात. मुलीच्या लग्नात फोटोत दात पिवळे नकोत म्हणून एक गृहस्थ क्लीनिंगला आले होते. दात स्वच्छ करायला अर्धा तास पुरला असता. गाल बाहेर ओढून बघितलं तर मागे एक जखम, कडा टणक, न दुखणारी. कधीपासून आहे? 'असंल महिना दोन महिने.' दोन आठवड्यांत न भरलेली जखम तपासायला पाठवायची, हे तुला माहीतच आहे. मी क्लीनिंग बाजूला ठेवलं आणि त्यांना बायोप्सीला पाठवलं. ते चिडले, लग्न तोंडावर आलंय म्हणाले. मीही हटले नाही, शेवटी त्यांच्या मुलीलाच फोन लावला. ऑपरेशन झालं, आज ते नातवाला घेऊन दवाखान्यावरून जातात. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडात एकही हत्यार चालवलं नव्हतं, फक्त आरसा धरला होता.

कर्जाचं म्हणशील, तर त्याची भीती खोटी नाही, पण ती आजींच्या खुर्चीशेजारी आणू नकोस. इंटर्नशिपनंतर लगेच स्वतःचं क्लिनिक टाकायचा हट्ट धरू नकोस, दोन-तीन वर्षं चांगल्या माणसाच्या हाताखाली काम कर. घरच्यांशीही आत्ताच मोकळेपणाने बोल.

आता आजी.

उद्या ओपीडीत जाऊन त्यांचा केसपेपर काढ. त्यावर फोन नंबर असेल, त्यांचा नाही तर मुलाचा. स्वतः फोन कर. 'आजी, तुमची दाढ निघाली नाही ती मुलगी बोलतेय' असंच सांग, आडवळणाने नको. सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडतं का, गिळायला त्रास होतो का, हे विचार. सूज हनुवटीखाली उतरली असेल किंवा गिळता येत नसेल तर पोस्टिंगच्या दिवसाची वाट बघायची नाही. घरातल्या कुणाला तरी फोन द्यायला सांग आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठव. तसं काही नसेल तर जेवून या म्हणावं, गोळ्यांची पाकिटं सोबत आणा म्हणावं. त्या नाही म्हणतील. चार दिवसांनी पुन्हा कर.

त्या आल्या की आधी सरांना सांग की मागच्या वेळी दोनदा ब्लॉक बसला नाही, तुम्ही शेजारी उभे राहा. हे सांगण्यात कमीपणा नाही, आणि ऐकणारा शिक्षक चांगला असेल तर त्याला ते आवडेल. आजींना पूर्ण आडवं झोपवू नकोस, त्या वयात मान आणि पाठ साथ देत नाही. सुई घ्यायच्या आधी त्यांना सांग, दुखलं तर डावा हात वर करायचा, मी लगेच थांबेन. आणि नुसतं सांगू नकोस, करून बघ. आरसा तोंडात ठेव, त्यांना हात वर करायला लाव आणि वर झाल्याबरोबर आरसा काढून घे. दोनदा कर. दुसऱ्या वेळी त्यांचे खांदे खाली आलेले तुला दिसतील.

खालच्या उजव्या दाढेला ब्लॉक समोरून देतात, पण दाढ काढताना मागे उभं राहावं लागतं, आणि मागून पेशंटचा चेहरा नीट दिसत नाही. त्या दिवशी आजींचा चेहरा तुला कदाचित दिसलाच नसेल. म्हणून या वेळी दाढ सरांनी काढली तर काढू दे, सही मिळाली नाही तरी चालेल. तू समोर उभी राहा, जिथून आजी दिसतात, आणि त्यांचा डावा हात जरा जरी उचलला गेला तर सरांना थांबायला सांग.